सत्त्याण्णव विरुद्ध शून्य : सिनेटर ग्रासली यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सिनेटर चक ग्रासली,
अध्यक्ष, न्यायविषयक समिती,
अमेरिकी सिनेट, वॉशिंग्टन डी. सी.

स. न. वि. वि.

२३ मे २०१३ रोजी सिनेटमध्ये एका न्यायाधीशाच्या नेमणुकीवर मतदान झाले. बाजूने ९७ मते पडली, विरोधात एकही नाही. त्या ९७ मतांत आपले मत होते. हे मी खात्रीने लिहू शकते, कारण १९९३ पासून २०२० च्या नोव्हेंबरपर्यंत आपण सिनेटमधले एकही मतदान चुकवले नव्हते. त्या दिवशी आपण श्री श्रीनिवासन यांना कोलंबिया जिल्ह्याच्या फेडरल अपील न्यायालयावर पाठवायला होकार दिलात. त्यांना नेमणारे अध्यक्ष बराक ओबामा आपल्या पक्षाचे नव्हते. ज्या कसोटीवर आपण तो होकार दिलात, ती कसोटी आपल्या समितीत पुन्हा लागू व्हावी, यासाठी हे पत्र आहे.

मी न्यू जर्सीत राहते. घरात मराठी बोलते आणि मतदान या देशात करते. पत्र मराठीत लिहिण्याचे कारण सरळ आहे. एडिसनपासून फ्रीमाँटपर्यंत माझ्यासारखे मराठी मतदार या देशात राहतात. अध्यक्षपदाच्या निकालासाठी आम्ही रात्रभर जागतो, पण अपील न्यायालयाच्या नेमणुकीबद्दल आपल्या सिनेटरला फोन करावा, हे आमच्यातल्या फार थोड्यांच्या मनात येते. त्यांनाही हे पत्र वाचता यावे, अशी इच्छा आहे.

आधी त्यांच्यासाठीच चार ओळी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात वर्षाला साठ-सत्तर खटल्यांची पूर्ण सुनावणी होते. फेडरल अपील न्यायालयांत दरवर्षी सुमारे ४० हजार अपिले येतात. म्हणजे बहुतेक माणसांसाठी शेवटचा शब्द अपील न्यायालयाचाच असतो. देशभरच्या या न्यायालयांत न्यायाधीशांच्या जागा १७९ आहेत. अध्यक्षाने नाव सुचवायचे, सिनेटने होकार द्यायचा, आणि एकदा होकार मिळाला की तो न्यायाधीश वर्तन चांगले असेपर्यंत, म्हणजे बहुधा तहहयात, त्या आसनावर बसतो. एच-१बी व्हिसावर आलेल्यांच्या जोडीदारांना एच-४ व्हिसावर काम करता यावे, असा नियम २०१५ मध्ये झाला. अनेक मराठी घरांतली दुसरी मिळकत त्या नियमावर उभी आहे. तो नियम रद्द करावा म्हणून दावा झाला आणि २ ऑगस्ट २०२४ रोजी कोलंबिया जिल्ह्याच्या अपील न्यायालयाने नियम कायम ठेवला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. ज्या घरांचे भवितव्य त्या निकालावर ठरले, त्यांपैकी किती घरांना निकाल देणाऱ्यांची नावे ठाऊक असतील?

आता २०१३ च्या त्या मताकडे येते.

श्रीनिवासन यांचा जन्म १९६७ साली चंदीगडला झाला. कुटुंब मूळचे तमिळनाडूतील तिरुनेलवेलीजवळचे. वडील कॅन्सस विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते आणि मुलगा कॅन्ससमधल्या लॉरेन्स या गावात वाढला. पुढे स्टॅनफर्डमधून पदवी घेतली आणि १९९५ मध्ये कायदा व व्यवस्थापन या दोन्ही पदव्या एकदम घेतल्या. त्यानंतर ते चौथ्या सर्किटचे, म्हणजे चौथ्या विभागाच्या फेडरल अपील न्यायालयाचे, न्यायाधीश हार्वी विल्किन्सन यांच्याकडे आणि मग सर्वोच्च न्यायालयात सँड्रा डे ओकॉनर यांच्याकडे विधी सहायक होते. दोघेही रोनाल्ड रेगन यांनी नेमलेले न्यायाधीश. २००२ ते २००७ या काळात, म्हणजे जॉर्ज बुश यांच्या कारकिर्दीत, श्रीनिवासन सरकारच्या सॉलिसिटर जनरल कार्यालयात वकील होते. मग काही वर्षे एका मोठ्या खासगी फर्ममध्ये काम केल्यावर २०११ मध्ये ओबामांच्या काळात ते त्याच कार्यालयात परतले, ते प्रमुख उपसॉलिसिटर जनरल म्हणून. न्यायाधीश होईपर्यंत त्यांनी सर्वोच्च न्यायालयात सुमारे २५ खटल्यांत युक्तिवाद केले होते.

या कारकिर्दीतला एक भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. दोन भिन्न पक्षांच्या सरकारांनी आपली बाजू मांडायला एकाच माणसाला उभे केले आणि दोन्ही सरकारांना त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका आली नाही. सॉलिसिटर जनरलच्या कार्यालयात राहिलेल्या वकिलाचे वजन यावरच ठरते. समोरच्या पक्षाला अनुकूल असलेला जुना निकालही तो न्यायमूर्तींपासून लपवत नाही. श्रीनिवासन यांच्या नावाला पाठिंबा देणाऱ्या पत्रावर १२ माजी सॉलिसिटर जनरल आणि प्रमुख उपसॉलिसिटर जनरल यांच्या सह्या होत्या. त्यात केनेथ स्टार, टेड ओल्सन, पॉल क्लेमंट यांच्यासारखे रिपब्लिकन होते आणि वॉल्टर डेलिंजर यांच्यासारखे डेमोक्रॅटही.

तरीही आपण हा होकार सहज दिला नाहीत, आणि ते योग्यच होते. त्यांचे नाव ११ जून २०१२ रोजी आले. त्या वर्षी सुनावणी झाली नाही. जानेवारी २०१३ मध्ये ते पुन्हा पाठवावे लागले. मिनेसोटातील सेंट पॉल शहराच्या एका खटल्यात सरकारने केलेल्या तडजोडीत त्यांचा काही भाग होता का, असा प्रश्न आपल्या बाजूने आला. तो विचारणे समितीचे कामच होते. १० एप्रिल २०१३ रोजी सुनावणी झाली. सिनेटर टेड क्रूझ यांनी त्या सुनावणीत श्रीनिवासन आपले जुने मित्र असल्याचे उघडपणे सांगितले. दोघे एकाच वर्षी चौथ्या सर्किटमध्ये वेगवेगळ्या न्यायाधीशांकडे सहायक होते. १६ मे रोजी समितीने १८ विरुद्ध शून्य मतांनी नाव पुढे पाठवले आणि आठवड्याभरात सिनेटचा निकाल लागला. त्या न्यायालयावर सात वर्षांत झालेली ही पहिली नेमणूक होती.

डावीकडूनही आक्षेप होते. खासगी वकिलीत श्रीनिवासन यांनी एन्रॉनचे जेफ्री स्किलिंग यांची बाजू सर्वोच्च न्यायालयात मांडली होती. इंडोनेशियातील आचे प्रांतातल्या गावकऱ्यांनी एक्सॉन कंपनीवर दावा केला, तेव्हा ते कंपनीकडून उभे होते. कंपनीच्या राखणीवरील सैनिकांनी केलेल्या अत्याचारांबद्दलचा तो दावा होता. असा वकील न्यायाधीश झाला तर तो बड्या कंपन्यांचाच होऊन राहील, अशी भीती काही कामगार संघटनांना आणि पुरोगामी गटांना वाटत होती. समितीतल्या डेमोक्रॅट सदस्यांनी त्या भीतीपोटी मत रोखले नाही. अशिलाचे पाप वकिलाच्या माथी मारायचे नाही, हे तत्त्व त्या दिवशी दोन्ही पक्षांनी पाळले.

पुढे काय झाले, तेही नोंदवायला हवे. २०१५ च्या जानेवारीत डाळिंबाच्या रसाच्या जाहिरातींचा खटला त्यांच्यापुढे आला. हा रस हृदयविकार आणि कर्करोगावर गुणकारी असल्याचे पॉम वंडरफुल कंपनी सांगत होती. श्रीनिवासन यांनी लिहिलेल्या निकालाने कंपनीचा दिशाभूल करणारा प्रचार रोखणारा सरकारी आदेश बहुतांशी कायम केला. पण असे दावे करण्याआधी कंपनीने दोन शास्त्रीय चाचण्या करायलाच हव्यात, ही सरकारची अट त्यांनी मान्य केली नाही. एक पुरेशी आहे, असे त्यांनी ठरवले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, वृद्ध आणि आजारी माणसांची घरी जाऊन सेवा करणाऱ्या कामगारांना किमान वेतन आणि जादा कामाचा मोबदला मिळवून देणारा नियम त्यांच्याच निकालाने पुन्हा उभा राहिला. खालच्या न्यायालयाने तो रद्द केला होता. एक-दोन निकालांवरून न्यायाधीशाचे मोल ठरत नाही, हे मी जाणते. पण कंपन्यांच्या वकिलाला न्यायासनावर बसवले की तो कंपन्यांचाच राहणार, हे भाकीत मात्र खोटे ठरले. २०२० च्या फेब्रुवारीत मेरिक गारलँड यांच्यानंतर ते त्या न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. फेडरल अपील न्यायालयाचे मुख्य न्यायाधीशपद भूषवणारे ते दक्षिण आशियाई वंशाचे पहिले न्यायाधीश.

सिनेटर साहेब, ही कहाणी इथेच संपली असती तर मी अभिनंदनाचे पत्र लिहिले असते. पण तिचा दुसरा भाग त्याच वर्षीचा, त्याच न्यायालयाचा आहे.

श्रीनिवासन यांच्या नेमणुकीनंतर दोनच आठवड्यांत, ४ जून २०१३ रोजी, त्या न्यायालयाच्या उरलेल्या तीन जागांसाठी ओबामांनी नावे दिली. त्यात एक नाव पॅट्रिशिया मिलेट यांचे होते. त्यांची आणि श्रीनिवासन यांची कारकीर्द शेजारी ठेवून पाहा. मिलेट यांनीही सॉलिसिटर जनरलच्या कार्यालयात काम केले, ११ वर्षे, आधी क्लिंटन आणि मग बुश यांच्या काळात. श्रीनिवासन तिथे होते तेव्हा त्या त्यांच्या सहकारी होत्या. सर्वोच्च न्यायालयात त्यांनी ३२ खटले लढवले होते, म्हणजे श्रीनिवासन यांच्यापेक्षा अधिक. न्यायालय तेच, नाव देणारे अध्यक्ष तेच, सिनेटही तीच. मिलेट यांना १० डिसेंबर २०१३ रोजी मिळालेली मते होती ५६ विरुद्ध ३८.

सात महिन्यांत ९७-० चे ५६-३८ झाले. पात्रतेत तसूभर फरक नव्हता. फरक होता तो आसनांच्या हिशेबाचा. श्रीनिवासन आल्यावर त्या न्यायालयात रिपब्लिकन अध्यक्षांनी नेमलेले चार आणि डेमोक्रॅट अध्यक्षांनी नेमलेले चार, असे आठ कार्यरत न्यायाधीश झाले होते. पुढची प्रत्येक नेमणूक पारडे झुकवणारी होती. श्रीनिवासन यांच्या सुनावणीच्या दिवशीच आपण त्या न्यायालयाच्या ११ जागा ८ वर आणण्याचे विधेयक मांडले होते. तिथे खटल्यांचा भार कमी आहे, हा आपला मुद्दा होता. तो केवळ निमित्तासाठी होता, असे मी म्हणणार नाही, कारण १९९७ मध्ये गारलँड यांच्या नेमणुकीच्या वेळीही आपण तेच म्हणाला होतात. पण परिणाम असा झाला की ३१ ऑक्टोबरला मिलेट यांच्या नावावर मतदानच होऊ दिले गेले नाही. नोव्हेंबरमध्ये उरलेल्या दोघांचीही तीच गत झाली. मग २१ नोव्हेंबर २०१३ रोजी डेमोक्रॅटांनी ५२ विरुद्ध ४८ मतांनी सिनेटची जुनी रीत मोडली. नेमणुकीवरची चर्चा संपवायला लागणारी ६० मतांची अट सर्वोच्च न्यायालय वगळता सगळीकडून गेली.

सुरुवात कुणी केली, यावर दोन्ही पक्ष भांडतात. त्या भांडणात मला पडायचे नाही, पण घटनाक्रम सांगायला हवा. २००१ मध्ये बुश यांनी याच न्यायालयासाठी मिगेल एस्त्रादा यांचे नाव दिले. तेही सॉलिसिटर जनरलच्या कार्यालयातूनच आलेले होते. डेमोक्रॅटांनी सात वेळा त्यांच्यावरचे मतदान अडवले आणि २००३ मध्ये एस्त्रादा यांनी माघार घेतली. २०११ आणि २०१३ मध्ये रिपब्लिकनांनी कॅटलिन हॅलिगन यांना दोनदा अडवले. नोव्हेंबर २०१३ मध्ये डेमोक्रॅटांनी नियम बदलला. २०१६ मध्ये आपण समितीचे अध्यक्ष असताना गारलँड यांना सर्वोच्च न्यायालयासाठी साधी सुनावणीही मिळाली नाही आणि २९३ दिवसांनी त्यांचे नाव आपोआप बाद झाले. २०१७ च्या एप्रिलमध्ये रिपब्लिकनांनी सर्वोच्च न्यायालयासाठीची ६० मतांची अटही काढून टाकली.

आपण आयोवातल्या न्यू हार्टफर्डचे शेतकरी आहात, म्हणून शेतीतले एक उदाहरण देते. महाराष्ट्रात शेजाऱ्याचा बांध कोरणे ही जुनी खोड आहे. नांगरट करताना वीतभर आत शिरायचे आणि जुने भांडण उकरून ते योग्य ठरवायचे. शेजारी पुढच्या हंगामात तेच करतो. काही वर्षांनी दोघांच्या शेतामध्ये बांधच उरत नाही, आणि मोठा पाऊस आला की माती दोघांचीही वाहून जाते. न्यायाधीशांच्या नेमणुकीतले एकेक बंधन दोन्ही पक्षांनी असेच कोरून काढले आहे.

त्यातले एक बंधन आपल्याच हातात होते. ते म्हणजे निळी चिठ्ठी. एखाद्या राज्याशी जोडलेल्या फेडरल न्यायाधीशाचे नाव आले की समिती त्या राज्याच्या दोन्ही सिनेटरांकडे निळ्या रंगाचा कागद पाठवते आणि त्यांचे मत मागवते. साधारण शंभर वर्षे ही रीत चालत आली. ती घटनेत नाही, कायद्यातही नाही. तिचे वजन किती धरायचे, हे समितीचा अध्यक्ष ठरवतो. २०१७ मध्ये आपण अपील न्यायालयांपुरते ते वजन काढून घेतलेत. मिनेसोटाचे डेव्हिड स्ट्रास यांच्या वेळी एका सिनेटरची चिठ्ठी आली नव्हती, तरी सुनावणी झाली. डेमोक्रॅटांनी त्या वेळी खूप आरडाओरडा केला. समिती त्यांच्या हाती आल्यावर २०२१ पासून त्यांनीही तोच पायंडा चालू ठेवला. टेनेसीच्या दोन्ही रिपब्लिकन सिनेटरांचा विरोध असताना आंद्रे मॅथिस सहाव्या सर्किटवर ४८ विरुद्ध ४७ मतांनी गेले.

आता माझ्या राज्याकडे वळते. न्यू जर्सी तिसऱ्या सर्किटमध्ये येते. तिथली न्यू जर्सीची एक जागा २०२३ मध्ये रिकामी झाली. नोव्हेंबरमध्ये अध्यक्ष बायडेन यांनी तिच्यासाठी अदील मंगी यांचे नाव दिले. ते आले असते तर फेडरल अपील न्यायालयावरचे पहिले मुस्लिम अमेरिकी न्यायाधीश झाले असते. त्यांच्या सुनावणीत हमास, इस्रायल आणि ११ सप्टेंबरच्या हल्ल्याबद्दल प्रश्न विचारले गेले. जन्माने भारतीय असलेल्या आणि पुढे भगवद्गीतेवर हात ठेवून शपथ घेतलेल्या श्रीनिवासन यांना २०१३ मध्ये अशा प्रश्नांना तोंड द्यावे लागले नव्हते. मला त्याचे समाधान वाटते, आणि म्हणूनच मंगी यांच्या वाट्याला जे आले त्याची लाज वाटते. मराठी वाचकांना हे ठासून सांगते. आपल्या माणसाला धर्मावरून जोखले नाही याचा आनंद मानायचा आणि दुसऱ्याला जोखले तेव्हा गप्प बसायचे, हे आपल्याला शोभत नाही. आणि दोष फक्त रिपब्लिकनांचा नाही. डेमोक्रॅट पक्षाच्याही काही सिनेटरांनी मंगी यांची साथ सोडली. समितीत मंजूर झालेल्या त्यांच्या नावावर सभागृहात मतदानच झाले नाही.

त्याच जागेवर २९ जुलै २०२५ रोजी एमिल बोव्ह यांची नेमणूक ५० विरुद्ध ४९ मतांनी झाली. न्यू जर्सीच्या दोन्ही सिनेटरांचा, कोरी बुकर आणि अँडी किम यांचा, तिला विरोध होता. न्याय खात्यात पूर्वी काम केलेल्या ९०० हून अधिक वकिलांनी नेमणुकीविरुद्ध पत्र लिहिले होते. १७ जुलैला समितीत आपण चर्चा थांबवून मतदान घेतलेत आणि डेमोक्रॅट सदस्य उठून गेले. बोव्ह यांच्याबद्दलच्या तक्रारी खऱ्या की खोट्या, याचा निवाडा मी करत नाही. माझी तक्रार इतकीच आहे की ज्या राज्यावर हे न्यायाधीश तहहयात निकाल देणार, त्या राज्याच्या दोन्ही प्रतिनिधींचा विरोध आपल्या समितीत कशालाच आड आला नाही. उद्या सत्ता पालटली की आयोवाचेही असेच होईल. तेव्हा आपल्या राज्यातले शेतकरी आपल्या वारसाला विचारतील, की आपल्या बाजूचे बंधन कुणी काढले?

यावर एक रास्त उत्तर आहे आणि ते मी टाळणार नाही. निळ्या चिठ्ठीचा गैरवापरही भरपूर झाला. सातव्या सर्किटमधली विस्कॉन्सिनची एक जागा २०१० पासून २०१८ पर्यंत, आठ वर्षांहून अधिक काळ रिकामी राहिली, कारण सिनेटर कारण न देता कागद दाबून बसू शकत होते. जुनी रीत जशीच्या तशी परत आणा, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. ९७-० हे मतही निव्वळ सद्गुणातून आले नव्हते. हॅलिगन यांना अडवल्यावर रिपब्लिकनांना एखाद्या नावाला होकार देणे सोयीचे होते, आणि श्रीनिवासन आल्याने पारडे झुकत नव्हते. हे सगळे मान्य करूनही मी म्हणते की त्या वेळी माणसाचे काम तपासले गेले, विरोधी पक्षाला प्रश्न विचारायला वेळ मिळाला आणि उत्तर पटल्यावर होकार मिळाला. सोयीपोटी का होईना, प्रक्रिया नीट पार पडली होती. आज ती सोयीपोटीसुद्धा होत नाही.

म्हणून मी तीन गोष्टी मागते.

पहिली, अपील न्यायालयांसाठी निळी चिठ्ठी पुन्हा सुरू करावी, पण २० जानेवारी २०२९ पासून. त्या दिवशी नवा अध्यक्ष येईल. तो कोणत्या पक्षाचा असेल, हे आज आपल्याला किंवा मला ठाऊक नाही. फायदा कुणाला होणार हे कळण्याआधी केलेल्या नियमाला दोन्ही बाजूंना हरकत घेणे कठीण जाते. सिनेटरने नकार द्यायचा तर साठ दिवसांत, लेखी आणि कारणांसह द्यावा. कारण पटले नाही तर समितीने उघड मतदानाने ते बाजूला ठेवावे, पण त्या मतदानात दोन्ही पक्षांचे किमान एक तरी मत असले पाहिजे. चिठ्ठी दाबून बसण्याचा मार्ग यामुळे बंद होईल आणि राज्याचा आवाजही राहील.

दुसरी, अपील न्यायालयासाठी आलेल्या प्रत्येक नावाला, ते कोणत्याही अध्यक्षाचे असो, ठरावीक मुदतीत सुनावणी मिळावी आणि समितीत मतदान व्हावे. पटत नसेल तर विरोधी मत द्यावे. गारलँड यांचे नाव २९३ दिवस नुसते पडून राहिले, तसे पुन्हा कुणाचे राहू नये.

तिसरी, अशा नेमणुकीवर ज्यांनी त्या माणसाबरोबर प्रत्यक्ष काम केले आहे त्यांना साक्षीला बोलवावे. श्रीनिवासन यांच्या बाजूने १२ जणांनी सह्या केल्या, बोव्ह यांच्या विरोधात ९०० हून अधिक जणांनी. दोन्ही पत्रे समितीसमोर उघडपणे तपासली जायला हवी होती. तहहयात नेमणुकीपुढे एका दिवसाची साक्ष ही काही फार मोठी किंमत नाही.

साठ मतांची अट परत आणा, असे मी म्हणत नाही. ते काम सगळ्या सिनेटचे आहे आणि ते आज होणार नाही. वर मागितलेल्या तीन गोष्टी मात्र समितीच्या अध्यक्षाच्या अधिकारातल्या आहेत.

आपण हे करू शकता असे मला वाटते, त्यालाही कारण आहे. २०२५ च्या जुलैमध्ये जिल्हा न्यायालयांसाठीची निळी चिठ्ठीही काढून टाकावी, अशी मागणी अध्यक्षांनी जाहीरपणे केली. ते आपल्याच पक्षाचे अध्यक्ष होते. आपण त्यांचे ऐकले नाहीत. त्याबद्दल आपल्याला मत न देणाऱ्या माझ्यासारख्या नागरिकानेही आपले आभार मानले पाहिजेत, आणि मी ते मानते. जिल्हा न्यायालयासाठी राज्याच्या सिनेटरांचे मत मोलाचे असेल, तर त्याहून वरच्या न्यायालयासाठी ते कमी मोलाचे कसे ठरते, याचे उत्तर मात्र आपल्याला द्यावे लागेल.

मराठी वाचकांना शेवटची विनंती. प्रत्येक राज्याचे दोन सिनेटर असतात. तुमच्या सर्किटमध्ये पुढची जागा रिकामी होईल तेव्हा त्या दोघांच्या कार्यालयांत फोन करा. नाव भारतीय आहे की नाही, हे विचारू नका. त्या माणसाने कोणते खटले लढवले, कसे लढवले आणि त्याच्या विरोधात उभे राहिलेले वकील त्याच्याबद्दल काय म्हणतात, हे विचारा. आणि तुमच्या पक्षाच्या अध्यक्षाने दिलेले नाव या कसोटीला उतरत नसेल, तर त्याच सिनेटरला तेही सांगा.

सिनेटर साहेब, २०१७ मध्ये हे बंधन आपण या समितीच्या अध्यक्षपदावरून काढलेत. आज आपण पुन्हा त्याच पदावर आहात. ते परत आणायला कायदा करावा लागत नाही, अध्यक्षांची सही लागत नाही, बहुमतही लागत नाही. समितीच्या अध्यक्षाचा एक निर्णय पुरेसा आहे. तो आपण घ्यावा, ही विनंती.

कळावे,
आपली,
न्यू जर्सीतील एक मराठी मतदार